खालून म्हणणारी बाई

बाई, तुमच्याशी भांडायला मी आज लिहायला बसले आहे, आणि आधीच सांगून टाकते, हे भांडण मी जिंकलेलं आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तेव्हा समोरून उत्तर यायची भीती नाही. तुमच्यापुढे उभं राहून एवढं एक वाक्य म्हणायची माझी छाती झाली नसती, हे तुम्हालाही ठाऊक आहे. धुळ्याच्या आपल्या शाळेत तुम्ही वर्गात शिरलात की पन्नास मुलींच्या बांगड्यांचा आवाज बंद व्हायचा. त्या पन्नासांतली मी कोण, हे तुम्हाला आठवत नसेल, म्हणून ओळख देते. आठवी ब. दोन वेण्या, साक्रीकडून धुळ्यात राहायला आलेल्या कुटुंबातली, आणि समूहगानाच्या वेळी शेवटच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवणारी.

ओठ हलवायला तुम्हीच सांगितलं होतंत. स्पर्धेला आठ दिवस राहिले होते. तुम्ही पेटीवर बसला होतात, आम्ही तीस जणी तीन रांगांत. गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या ओळीला तुम्ही भाता सोडून दिलात. पेटी थांबली. तुम्ही उठलात, रांगांमधून एकेकीच्या तोंडाजवळ कान नेत चालत आलात आणि माझ्यापाशी थांबलात. "तू खाली का म्हणतेस? सगळ्या जिथे आहेत तिथे का येत नाहीस?" मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे असंच म्हणतात." तुम्ही एक क्षणही घेतला नाहीत. "मग तुमच्याकडे चुकीचं म्हणतात. स्पर्धा होईपर्यंत तू फक्त ओठ हलव. आवाज काढू नकोस." सगळ्या हसल्या. तुम्ही हसला नाहीत, हे तुमच्या बाजूने नोंदवून ठेवते. आपल्या शाळेचा दुसरा नंबर आला, प्रशस्तिपत्रकावर तीस नावं छापून आली आणि त्यात माझंही होतं. आईने ते देवघराशेजारी खिळ्याला अडकवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायची, पोरीनं गाणं म्हणून आणलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळायची.

"आमच्याकडे" म्हणजे काय, ते तेव्हा मला सांगता आलं नाही. आता सांगते. आमच्या घरात हळद असो, अक्षय तृतीयेची आखाजी असो, बाया ओट्यावर गाणं म्हणायला बसल्या की दोन थर व्हायचे. कुणी ठरवायचं नाही. आईचा आवाज उंच, ती आणि तिच्या वयाच्या बाया वरून म्हणायच्या. मोठ्या काकूचा आवाज जाड, ती आणि तिच्या जोडीच्या बाया तेच गाणं, तीच चाल, तेच शब्द खालून म्हणायच्या. कुणी कुणाच्या उंचीला जायचं नाही. मी काकूच्या मांडीला मांडी लावून बसायची, म्हणून माझ्या गळ्याला खालची वाट लागली. एकदा मी हट्टाने आईच्या उंचीला गेले, तर आईनेच मला दटावलं. "दोन्ही जनीस्नी एकच उंचीवर म्हनं ते गानं पातळ व्हस," ती म्हणाली. वरण पातळ होतं तसं गाणंही पातळ होतं, यात आमच्या घरात कुणाला नवल वाटत नव्हतं. पण शाळेतून आल्यावर, त्या आठवड्यानंतर, मला ते दोन थर ऐकवेनात. काकू म्हणायला लागली की मला तुमचा आवाज ऐकू यायचा. मी घरात गाणं सोडलं. काकूने दोनतीनदा विचारलं, मग विचारायचं बंद केलं.

आणि तरीही रविवारी मी तुमच्या घरी यायची! हे कसं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुमचं ते लांबट स्वयंपाकघर, एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या ट्रंकेवर पेटी. तुम्ही पाटावर बसून गवार मोडत असायचात आणि आम्ही चौघी समोर सतरंजीवर. तुम्ही हातातल्या चमच्याने जे हाताला येईल ते वाजवायचात. तांब्या, परात, पितळी डबा. "याचा सा कुठे आहे? शोध." बाकीच्या पेटीवर जाऊन बोटं चालवायच्या. मी डोळे मिटून गुणगुणायची आणि सांगायची. कुकरची शिट्टी झाली की तुम्ही भुवया उंचावून माझ्याकडे बघायचात, आणि मी शिट्टी विरायच्या आत पट्टी सांगायची. एकदा मी म्हटलं, "बाई, या परातीचा सा पेटीवर नाहीच. दोन पट्ट्यांच्या मधे आहे." तुम्ही गवार खाली ठेवलीत, उठलात, स्वतः वाजवून बघितलंत. मग मला एक गुळाचा खडा दिलात आणि दुसऱ्या मुलींना म्हणालात, "हिला कान आहे. पण हट्टी आहे." सा आणि पंचम यांच्याइतके जवळचे दोन सूर दुसरे नाहीत, हेही तुम्ही त्याच स्वयंपाकघरात शिकवलंत. मग बाई, मी तुमच्या सा-खाली अगदी नेमका खालचा पंचम धरून उभी होते, ते तुमच्या कानाला कसं कळलं नाही? एवढा एक प्रश्न मी सोळा वर्षं पोटात घेऊन फिरले.

दहावीनंतर मी गाण्याच्या वाटेला गेलेच नाही, गेले ती तारांच्या. आयटीआयला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला, वर्गात मुली दोनच. मग जळगावला एका रेकॉर्डिंग स्टुडिओत लागले. स्टुडिओ म्हणजे एका दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. मालकांना सगळे नाना म्हणत. आधी मी कॅसेटच्या कॉप्या काढायची, तारा जोडायची, मग हळूहळू टेपमशीनवर बसायला लागले. लोक विचारायचे, रेकॉर्डिस्ट कुठे आहेत, आणि नाना माझ्याकडे बोट दाखवायचे. त्यांना ते बोट दाखवायला फार आवडायचं. त्यांना काय ठाऊक, की गाणाऱ्याचा सूर हलला तर मी कधीच बोलत नसे. आवाज फाटतोय, माइकपासून लांब व्हा, एवढंच म्हणायची. सुराबद्दल तोंड उघडायचा मला अधिकार नाही, असं मी धरून चालले होते.

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा नानांनी कॉम्प्युटर आणला. पुण्याहून एक गृहस्थ आले, दोन दिवस शिकवून गेले. गाणं त्यात भरायचं, कापायचं, जोडायचं, हे मला जमलं. त्याच सॉफ्टवेअरमध्ये एक खिडकी होती, तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. एका माणसाचा आवाज तिच्यात घातला की ती त्याच आवाजाची दुसरी जोड तयार करून द्यायची, वरची किंवा खालची. किती अंतरावर हवी, ते आपण सांगायचं. तिसरा सूर वर, पाचवा वर, तिसरा खाली, अशी यादी होती. गाण्याचा सा कोणता आणि सप्तक कोणतं, म्हणजे त्याचे सात सूर कोणते, हे सांगितलं तर मशीन आपण होऊन त्या सप्तकातले सूर निवडायचं. आणि सप्तक नको असेल तर नुसता आकडा घालायचा, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या धरून इतक्या पट्ट्या वर किंवा इतक्या खाली. पुण्याचे गृहस्थ म्हणाले होते, "हे तुम्हाला इथे लागायचं नाही." जळगावात काय लागतं आणि काय नाही, हे पुण्याच्या माणसाला नेहमीच बरोबर ठाऊक असतं.

मग तो एप्रिल आला. आखाजीच्या गाण्यांची कॅसेट करायची होती, झोक्यावरची आठ गाणी. सासुरवाशिणी आखाजीला माहेरी येतात, तेव्हा साक्री, पिंपळनेर, चोपडा, सगळीकडच्या बाजारांत कॅसेट आधी पोचायला हवी, नाहीतर ती पुढच्या वर्षापर्यंत कुणी घेणार नाही. गाणाऱ्या बाया पिंपळनेरच्या पलीकडच्या एका गावच्या, म्होरकी अक्का आणि मागे झेलणाऱ्या, म्हणजे तीच ओळ तिच्याबरोबर खालून धरणाऱ्या, चौघी. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी मी बसस्टँडवर गेले, तर बसमधून एकट्या अक्का उतरल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी विचारलं, बाकीच्या? अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की असलं साधं मला कसं कळत नाही. "आते बिबड्यास्ना दिन शेतस. आज एकना घर, सकाय दुसराना घर. पाळी मोडनी ते वरीसभर आयकनं पडी. मी म्हनं, मी एकली जास."

बाई, तुम्ही बाहेरून आलेल्या, तुम्ही हे बाजारातून विकत आणायचात, म्हणून सांगते. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, एकटीने होत नाहीत. ज्वारीचं आंबवलेलं पीठ भल्यामोठ्या पातेल्यात घाटायचं आणि ऊन चढायच्या आत धोतरांवर थापून संपवायचं, त्याला आठ-दहा बायांचे हात लागतात. म्हणून गल्लीतली घरं पाळी लावतात, आणि जी दुसरीच्या पाळीला गेली नाही तिच्या पाळीला कुणी येत नाही. चौघींनी कॅसेट सोडली आणि पाळी धरली. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. नाना मात्र स्टुडिओत डोक्याला हात लावून बसले. "एकटी बाई झोक्याचं गाणं कसं म्हणणार? झेलणारी कोण?" कॉलेजच्या दोन मुली आणू म्हणाले. ते ऐकून अक्काच बिथरल्या. "शहरन्या पोरी? त्यास्नी कव्हय झोका घेयेल शे का?"

शेवटी ठरलं, की अक्कांच्या एकटीच्या आवाजात आठही गाणी टेपवर घेऊन ठेवायची, मागचं मागाहून बघू. खोलीत कूलर चालवता येत नाही, त्याची घरघर टेपवर येते. त्या भट्टीत अक्का ओला टॉवेल मानेवर टाकून आठ गाणी म्हणाल्या, एकदाही न चुकता. पण प्रत्येक ओळ उचलताना त्या जरा थांबायच्या. कुणीतरी झेलेल म्हणून थांबायच्या, आणि कुणी झेलत नव्हतं. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ऐकायला बरं वाटत नव्हतं, बाई. गाणं पातळ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कीबोर्डवाला म्हणाला, कॉम्प्युटरात ती हार्मनी आहे ना, लावू या. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा हुशार माणूस, त्याने झटपट एक पट्टी निवडली, सप्तक निवडलं, तिसरा सूर वर. सिनेमात असंच असतं, म्हणाला. मशीनने बराच वेळ घेतला आणि गाणं वाजवलं. अक्कांच्या आवाजावर एक चिरका पोरकट आवाज बसला होता, आणि तो मधेच कुठल्याही सुरावर घसरत होता. अक्का कान देऊन ऐकत होत्या. "हाई कोन शे वं? हाई आमना गल्लीनी नही." मग त्याने पाचवा वर लावून बघितला. अक्का तोंडाला पदर लावून हसायलाच लागल्या. "चिमनी चिवचिव करी राहिनी!" कीबोर्डवाल्याने हात टेकले. ज्या टेपवरून कॅसेटी निघायच्या ती मास्टर टेप त्याच दिवशी साडेपाचच्या बसने कॅसेट कंपनीकडे जायची होती. नाना म्हणाले, "जाऊ द्या. मी फोन करून कळवतो, यंदा कॅसेट नाही." अक्का उठल्या आणि पिशवी शोधायला लागल्या.

त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "नाना, मला एक तास द्या." कारण काय करायचं ते मला ठाऊक होतं, पहिल्या चिरक्या सुरापासून ठाऊक होतं. मशीन का घसरतंय तेही कळत होतं. अक्कांचा सा कीबोर्डवर नव्हताच! पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे होता, तुमच्या परातीसारखा. मशीनला सांगितलेला सा एक आणि गाणारीचा दुसरा, मग सप्तकातले सूर निवडताना ते दर वेळी गोंधळून भलतीकडे जात होतं. सप्तकच काढून टाकलं आणि नुसता आकडा दिला, तर ते अक्का जिथे जातील तिथे ठरल्या अंतराने मागे मागे जाणार होतं. इथपर्यंत सगळं तुमच्या स्वयंपाकघरातलं. पण आकडा कोणता, हे तुमच्याकडे नव्हतं. आकडा माझ्या काकूच्या मांडीपाशी होता. पाच पट्ट्या खाली. अक्का सा म्हणतील तेव्हा खालचा पंचम, मध्यम म्हणतील तेव्हा सा. मी उणे पाच टाइप केलं आणि हात बटणावर ठेवून बसून राहिले. एकोणतीस वर्षांची बाई, सगळ्यांदेखत, आणि कानात तुमचं वाक्य. तुमच्याकडे चुकीचं म्हणतात. हे जर आत्ता बेसूर निघालं, तर तुम्ही खऱ्या आणि आम्ही, म्हणजे मी, आई, काकू, गल्लीतल्या सगळ्या-बठ्ठ्या बाया, कायमच्या खोट्या. मशीनला हे सगळं काही ठाऊक नव्हतं. मी बटण दाबलं.

वीस मिनिटं त्याने आकडेमोड केली. मग आवाज आला तो आधी फारच जाड आला, पुरुषासारखा. त्याच खिडकीत आवाजाची जाडी कमी करायची सोय होती, ती थोडी फिरवली. दुसरा आवाज एक केसभर मागे सरकवला, कारण झेलणारी बाई म्होरकीच्या जरा मागेच असते, आणि तो दाबून हळू केला. पुन्हा वाजवलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. आणि बाई, गोधड्या ठोकलेल्या त्या खोलीत आमच्या धुळ्याच्या घरातला ओटा येऊन बसला. मी मागे वळून बघायला तयार नव्हते. मागून अक्का ओरडल्या, "माय वं! हाई ते मन्ही जाऊ शे! हाई कव्हय उनी? कोठे बठेल शे?" त्यांनी खरंच उठून माइकच्या खोलीचं दार उघडून आत डोकावून पाहिलं. नाना टाळ्या वाजवायला लागले. कीबोर्डवाला म्हणाला, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "शिकवलं नाही. मना केलं होतं." त्याला काही कळलं नाही, आणि मला त्या वेळी कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. मी जिंकले होते. मला हसायला येत होतं आणि रडायलाही, आणि दोन्ही मी केलं, पंख्याखाली, मोकळेपणाने, सगळ्यांच्या देखत.

दुपारी वीज गेली, कॉम्प्युटर बसला, पण संध्याकाळच्या बसने आठही गाणी गेली. कॅसेट आखाजीच्या आधी बाजारात पोचली, आणि मग काय विचारता! बसस्टँडवर, जीपमध्ये, आंब्याच्या झाडाला बांधलेल्या झोक्याखाली, जिकडे तिकडे तीच. अक्कांची जाऊ गावभर सांगत सुटली, मी जळगाव पाहिलेलंच नाही. पुढे अक्का भेटल्या तेव्हा हसून सांगत होत्या, "ती म्हनस, मी गऊच नही. मी म्हनं, तू नही गई, तुन्हा आवाज गया." कव्हरवर त्यांनी जावेचं नाव घालायलाच लावलं. चोपड्याची एक बाई दुकानात येऊन भांडली, की ही खालून म्हणणारी आमच्या गावची आहे, तुम्ही नाव दुसरीचं का छापलं? साक्रीकडच्या एकीने तर त्या आवाजात आपली गेलेली आत्या ओळखली. असं सगळं माझ्या कानावर यायचं आणि मी फुलून जायची. बाई, आख्ख्या खानदेशात त्या आवाजाला कुणी बेसूर म्हटलं नाही. जो तो म्हणाला, ही आमची आहे. मी धुळ्याला गेले, काकूपुढे टेप ठेवला आणि ती म्हणेल तिच्याबरोबर, तिच्या उंचीने, आठही गाणी म्हटली. काकूने मधेच थांबून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतकी वर्षं कुठे होतीस, असंही विचारलं नाही.

तुम्हाला ती कॅसेट आणून द्यावी असं किती वेळा मनात आलं. तुम्ही तेव्हा होतात. माझ्या माहेरापासून तुमचं घर चालत दहा मिनिटांवर. मी आले नाही. खानदेशाने हो म्हटलेलं चालत होतं, तुम्ही नाही म्हटलेलं चाललं नसतं. दुसऱ्या हिवाळ्यात तुम्ही गेल्याचं मला कळलं, आणि मला वाटलं, संपलं, आता हे भांडण असंच राहणार.

पुढे दोनएक महिन्यांनी तुमची भाची स्टुडिओत आली. तुमच्या जुन्या टेप साफ करून हव्या होत्या. ती मला ओळखत नव्हती. टेपांच्या पिशवीतून तिने आमचीच कॅसेट काढली, चिकटपट्टीने जोडलेली, घासून पार झिजलेली. म्हणाली, "मी मावशीला गंमत म्हणून आणून दिली होती, तर तिने नादच घेतला. शेवटचं गाणं तर पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकायची." मी कॅसेट पुसत बसले. ती हसून म्हणाली, "काय म्हणायची माहितीये? म्हणायची, बाकीच्या सात गाण्यांत ही मागची बाई स्वतःचा श्वासच घेत नाही. समोरचीने घेतला की हिचा तोच. असं माणूस गात नाही, यात काहीतरी गडबड आहे. पण शेवटच्या गाण्यात ती खरी गाते. फक्त श्वास उशिरा घेते, तिला कुणीतरी सांगायला हवं होतं." आणि मग तुमच्या भाचीने मला विचारलं, "कोण होती हो ती?"

मी म्हटलं, होती कोरसवाली कुणीतरी. तिला खोटं सांगितलं, नानांना खोटं सांगितलं, अक्कांना तर आजही ती जाऊच वाटते. तुम्हाला सांगते, म्हणूनच हे सगळं लिहिलं. हा कागद काही कुठल्या टपालपेटीत पडायचा नाही, तेव्हा हरकत नाही. त्या दुपारी वीज गेली तेव्हा सात गाणी झाली होती आणि आठवं राहिलं होतं. जनरेटरवर टेपमशीन चाललं, कॉम्प्युटर काही केल्या उठेना, आणि बसला तासभर उरला होता. नाना उशिराचे जेवायला घरी गेले होते, कीबोर्डवाला बसचं विचारायला खाली उतरला होता, अक्का दुसऱ्या खोलीत ओला टॉवेल तोंडावर घेऊन झोपल्या होत्या. मी टेप सुरू केली, आत गेले, दार लावलं, कानाला हेडफोन लावला आणि अक्कांच्या खाली उभी राहून गाणं शेवटपर्यंत म्हटलं. एकदाच. सगळे आल्यावर सांगितलं, कॉम्प्युटर मधे जरा वेळ उठला होता. बाई, तुम्ही माझा आवाज ऐकलात, पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकलात, मशीन कुठलं आणि माणूस कुठला हे पकडलंत, आणि सुराबद्दल एक अक्षर काढलं नाहीत.

श्वासाचं मात्र तुमचं बरोबर आहे. तो मी अजूनही उशिराच घेते.